हस्की की शिट्झू? घरं फुटायची वेळ आली हो!

ऐकलंत का? पूर्वी घरात भांडणं कशावरून व्हायची? वाटणीवरून, सुनेच्या माहेरावरून, फार तर टीव्हीच्या रिमोटवरून. आणि आता? चांगली शिकलीसवरलेली, हप्ते वेळेवर भरणारी माणसं एका टेबलावर जेवायला बसेनाशी झाली आहेत. कारण काय, तर हस्की आणायचा की शिट्झू! एकीकडे लांडग्याच्या तोंडवळ्याचा, निळ्या डोळ्यांचा, वीस-पंचवीस किलोचा सायबेरियन गडी. दुसरीकडे पाच-सहा किलोचं, चपट्या नाकाचं, डोळ्यांवर झिपऱ्या ओढून बसलेलं तिबेटी-चिनी लाडोबा. या दोघांत निवड? अहो, ट्रॅक्टर घेऊ की शिलाई मशीन, असा प्रश्न कुणाला कधी पडलाय का? पण नाही. पडतो. टू बीएचकेत पडतो, मास्टर बेडरूममध्ये पडतो, आणि रात्री साडेअकराला फॅमिली ग्रुपवर सत्तावीस फोटोंसकट पडतो.

बरं, तट कसे पडतात तेही बघण्यासारखं आहे. हस्कीच्या बाजूने घरातला पोरगा. हिंजवडीत नोकरी, पार्किंगमध्ये बुलेट, दर रविवारी गड चढणार म्हणून शनिवारी जाहीर करणारा. त्याने ‘गेम ऑफ थ्रोन्स’ पाहिलेलं असतं, किंवा न पाहता पाहिलंय म्हणून सांगितलेलं असतं. 2011 साली ती मालिका आली, तिच्यातले ते अक्राळविक्राळ लांडगे दिसले, आणि जगभरातल्या पोरांना एकदम साक्षात्कार झाला की आपल्या घराला कमी आहे ती लांडग्याचीच. ही हौस इतकी की मालिकेतलाच नट पीटर डिंक्लेज याला 2017 मध्ये हात जोडून सांगावं लागलं, बाबांनो, आमची मालिका बघून हस्की आणत सुटू नका, मग झेपत नाहीत म्हणून सोडून देता. ऐकलं कुणी? आपल्याकडे तर नाहीच. आपल्याकडे तिसऱ्या गल्लीतल्या हस्कीचं नाव ‘घोस्ट’ आहे आणि तो रोज संध्याकाळी पाणीपुरीच्या गाडीपाशी उभा असतो.

शिट्झूच्या बाजूने घरातली मुलगी आणि आई. आणि बाबा? बाबा वरकरणी तटस्थ. ‘माझं काही म्हणणं नाही, पण कुत्रं घरात येणार नाही’ एवढंच त्यांचं म्हणणं. या वाक्याचं पुढे काय होतं ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. येऊच त्याच्याकडे.

तर वाद. हस्कीवाल्याशी बोलायला जा, तो पहिल्या मिनिटाला तुम्हाला 1925 सालच्या अलास्कात नेऊन सोडतो. नोम नावाच्या गावात घटसर्पाची साथ, औषध हजारएक किलोमीटर दूर, विमानं बंद, बर्फाचं वादळ. वीस गाडीवाल्यांनी कुत्र्यांच्या घसरगाड्या आळीपाळीने हाकून साडेपाच दिवसांत औषध पोचवलं. शेवटच्या टप्प्याला बाल्टो नावाचा कुत्रा होता म्हणून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्याचा पुतळा उभा राहिला. पण सगळ्यांत लांबचा नि जिवावरचा टप्पा खरा टोगो नावाच्या दुसऱ्या कुत्र्याने मारला. हे सांगताना पोराचे डोळे भरून येतात. आई पोळी लाटता लाटता ऐकून घेते आणि म्हणते, ‘घटसर्पाची लस आता सरकारी दवाखान्यात फुकट टोचतात. त्यासाठी कुत्रं कशाला हवं?’

मग मुलगी उठते. ती म्हणते, शिट्झू म्हणजे राजघराण्यातलं. चीनच्या सम्राज्ञी सिशीच्या वाड्यात यांच्या वाडवडिलांचे लाड व्हायचे, त्यांच्या दिमतीला नोकर असायचे. पोरगा फोनवर शोधतो आणि गरजतो, ‘ती 1908 मध्ये गेली आणि चार वर्षांत राजघराणंच संपलं! असलं अवलक्षणी कुत्रं आणायचं घरात?’ सांगा आता. इतिहासाच्या पेपरात पस्तीसवर अडकलेली ही कार्टी, आज चिंग घराण्याच्या अस्तावर तावातावाने बोलतायत! कुत्र्यांनी शिक्षणाचं किती भलं केलंय, नाही?

आता कुणी म्हणेल, ही आजचीच थेरं. छे हो. आपली खोड जुनी आहे. 1994 मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला, त्यातल्या पांढऱ्याशुभ्र टफीने चिठ्ठी पोचवून लग्न वाचवलं, आणि बघता बघता प्रत्येक गॅलरीत एक पांढरं ‘पामेरियन’ जाणाऱ्या-येणाऱ्यावर किंचाळायला लागलं. 2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग एका पोराच्या मागे मागे गेला. नेटवर्क कुणाच्या मागे गेलं ते देवाला माहीत, पण अख्खा मध्यमवर्ग पगच्या मागे गेला. त्याआधी बंगल्याला डॉबरमन असायचा, निदान ‘कुत्र्यापासून सावध रहा’ अशी पाटी तरी. मोत्या, वाघ्या, खंड्या तर दारातच राहायचे, शिळ्या भाकरीवर. तेव्हा कुत्रं घर राखायचं. आता घर कुत्रं राखतं. फरक एवढाच.

पण हस्कीने जे केलं ते टफीला जमलं नाही, पगलाही नाही. त्याने घराचं हवामानच बदललं!

बाणेरमधला अकरावा मजला घ्या, मे महिन्यातली दुपार. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला. हॉलमध्ये पडदे ओढलेले, एसी अठरावर. टाइल्सवर ‘घोस्ट’ चारी पाय चार दिशांना फेकून पोटावर पसरलेला, शेजारी स्टीलच्या परातीत बर्फाचे खडे, त्यातला एखादा तो सावकाश कडाकडा चावतो. आणि सोफ्यावर आजी. अंगावर शाल, पायात मोजे, कानाला स्कार्फ, मांडीवर मेथीची जुडी. मे महिन्यात! ‘काय करणार, त्याला उकडतं,’ आजी म्हणतात आणि शाल आणखी घट्ट ओढतात. आत कुकरची शिट्टी होते. घोस्ट मान वर करतो, डोळे मिटतो आणि सूर लावतो, ऊऊऊऊ. दुसरी शिट्टी, दुसरा आलाप. तिसऱ्या शिट्टीला शेजारच्या बाई बेल वाजवतात. तक्रार करायला आल्या असतील असं वाटलं ना? रेकॉर्डिंग करायला आल्या होत्या. गणपतीत आरतीच्या वेळचा त्याचा व्हिडिओ त्यांच्याच फोनमधून अमेरिकेपर्यंत गेला होता.

हस्की भुंकत नाही फारसा, हे खरंच. तो बोलतो. कुरकुरतो, उलट उत्तरं देतो, आंघोळीचं नाव काढलं की अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा आक्रोश करतो. राखण? विसरा. चोर आला तर त्याला घरभर फिरवून दाखवील आणि जाताना हात चाटील. सायबेरियातल्या चुकची लोकांनी शतकानुशतकं त्याला गाडी ओढायला, मैलोनमैल धावायला तयार केला. माणसावर संशय घ्यायला कुणी शिकवलंच नाही. धावण्याची ती सगळी रग आता आठशे स्क्वेअर फुटांत जिरवायची. जिरत नाही. मग सोफ्याचा स्पंज निघतो, चपलांचे एकेक पाय गायब होतात, बाल्कनीतल्या कुंड्यांत उत्खनन होतं. दाराची कडी काढायची अक्कलही या पठ्ठ्याला असते. आणि गावाकडे नेला तर कोंबड्या मोजून ठेवाव्या लागतात.

केसांचं तर बोलूच नका. वर्षातून दोनदा आतली लोकर मूठ-मूठ सुटते. मग ती काळ्या पॅंटवर, देवाच्या वातीत, आमटीत. आमटीत! आणि तीच माणसं, जी हॉटेलात ताटात केस दिसला तर मॅनेजरला बोलवायची, ती आता बोटाने केस बाजूला करून म्हणतात, ‘आपल्या घोस्टचाच आहे.’ हाइट म्हणजे उन्हाळ्यात काही थोर मंडळी त्याला चक्क भादरून आणतात. बिचाऱ्याला गार वाटावं म्हणून. अहो, तो केसांचा दुहेरी थर जसा थंडीपासून वाचवतो तसाच उन्हापासूनही. तो काढला की चामडी थेट भाजायची! डॉक्टर ओरडतात, मालक मान डोलावतो आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा मशीन घेऊन बसतो. कुत्र्याचं शेपूट वाकडं म्हणतात, माणसाचं कुणी मोजलंय?

‘बघितलंत? म्हणून म्हणते शिट्झू,’ इति आईपक्ष. केस फारसे गळत नाहीत, मांडीत मावतं, दिवसातून दोन छोट्या फेऱ्या पुरतात. ऐकायला किती गोड! पण केस गळत नाहीत म्हणजे काय? वाढतात. थांबतच नाहीत. रोज विंचरा, नाहीतर गाठी. डोळ्यात जाऊ नयेत म्हणून डोक्यावर रबरबँडची शेंडी. डोळ्यांखालचे डाग पुसा, जेवण झालं की मिशा पुसा. महिना-दीड महिन्याने ग्रूमिंग. तिथे काय काय होतं माहितेय? शाम्पू, कंडिशनर, ब्लो ड्राय, नखं, पंजांची मालिश, वर गळ्याला बो! ज्या घरातल्या बाईने दिवाळीशिवाय पार्लरचं तोंड बघितलं नाही, तिचं शिट्झू दर पाच आठवड्यांनी अपॉइंटमेंट घेतं. आणि घरी आल्यावर चपट्या नाकाने कांदे सोलतं, हे खाणार नाही, ते खाणार नाही, चिकन उकडलेलंच हवं. (खरे कांदे मात्र देऊ नका हो. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट हे कुत्र्याला विष. तेव्हा मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करून वाढणाऱ्या प्रेमळ आज्यांनी आणि प्रसादाचा शिरा भरवणाऱ्या काकांनी जरा हात आवरावा.)

आणि मौज पुढेच आहे. हस्कीला एसी लागतो म्हणून नाकं मुरडणाऱ्या या मंडळींच्या शिट्झूला एसी लागत नाही की काय? लागतो. डबल लागतो. कुत्रं धापा टाकून अंग गार करतं, आणि नाकच चपटं म्हटल्यावर धाप तरी किती टाकणार? उन्हात दहा मिनिटं नेलं की जीभ बाहेर. अशा चपट्या नाकांना बऱ्याच विमान कंपन्या कार्गोत घ्यायलाच तयार नसतात. म्हणजे एक बर्फातला म्हणून, दुसरं वाड्यातलं म्हणून. आपल्या मे महिन्यात दोघं एकाच एसीखाली झोपणार. बिल तुम्ही भरणार. रात्री ते पाच किलोचं बाळ नवरा-बायकोच्या मधोमध आडवं पसरून जे घोरतं, ते ऐकून सासरेबुवांनी स्वतःच्या घोरण्याबद्दलची माफी मागे घेतल्याची उदाहरणं आहेत.

सगळ्यांत खमंग किस्सा परदेशस्थांचा. टोरंटोतल्या लेकाने काय पाळलंय? शिट्झू! उणे पंधरामध्ये त्याला स्वेटर, चार बूट आणि टोपी घालून फिरवतो. आणि कोथरूडमधल्या आईबापांकडे काय? हस्की! व्हिडिओ कॉलवर इकडे बर्फाचे खडे, तिकडे हीटर. अदलाबदल करा की हो! पण सुचवून तर बघा, दोन्हीकडून नाव टाकतील.

आता भाषेचं. ज्या आईने उभ्या आयुष्यात बँकेतल्या साहेबाशीही मराठीच रेटली, ती कुत्र्याशी काय बोलते? ‘नो बेबी, नॉट ऑन द सोफा. मम्मा विल बी सॅड.’ मम्मा! डॉक्टरांच्या फायलीवर ‘मोका कुलकर्णी’, वय अडीच वर्षं. खाली बागेत तर माणसांची नावंच राहिली नाहीत. ‘अहो लुनाची आई, उद्या येताय ना?’ ‘नाही हो, ब्रूनोच्या बाबांचं बीपी वाढलंय.’ बारशी होतात, केक कापले जातात, डोहाळजेवणात कुत्रीला हिरवी ओढणी पांघरून ओटीसुद्धा भरतात. चौकात फ्लेक्स लागतो, मधोमध गॉगल घातलेला हस्की, खाली शुभेच्छुकांच्या बारा तोंडांची रांग. नगरसेवकाचा वाढदिवस त्याच आठवड्यात असेल तर जागेवरून तंटा. लग्नाच्या स्थळांतही चौकशी सुरू झाली म्हणतात: पत्रिका जुळते, पगार जुळतो, पण मुलाकडे हस्की आणि मुलीकडे शिट्झू. जमायचं कसं?

आणि सोसायटी? तिथले सेक्रेटरी तर पहिल्या दिवसापासून तलवार उपसून. ‘कुत्री लिफ्टमध्ये चालणार नाहीत!’ नोटीस बोर्डावर लाल शाईत. मग कुणीतरी कायद्याचा किडा 2015 चं ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं परिपत्रक आणून नाचवतो: सोसायटीला पाळीव प्राण्यांवर लिफ्टबंदी घालता येत नाही. सभेत दोन तास रणकंदन. निष्पन्न? सेक्रेटरींच्या मुलीनेच शिट्झू आणलं. आता रोज सकाळी सहाला एक गृहस्थ हातात पिशवी आणि लाल पट्टा घेऊन लिफ्टमधून उतरतात, आत शिरणाऱ्याला म्हणतात, ‘या या, चावत नाही ती, शाणी आहे माझी.’ ती लाल नोटीस? कुणी काढली कुणास ठाऊक. आणि कुत्र्याने केलेली घाण मालकाने उचलावी, हा नियम तेवढा सगळ्यांना शेजाऱ्यासाठी मान्य आहे.

बाबांकडे येऊ म्हटलं होतं. कुत्रं घरात येणार नाही म्हणणारे बाबा. त्यांच्या घरात हस्की आला आणि पोरगा दुसऱ्याच महिन्यात नाइट शिफ्टला गेला. राहिलं कोण? पहाटे साडेपाचला, ट्रॅकपॅंट चढवून, पुढे पंचवीस किलोचा ओढा नि मागे साठीचे बाबा. डॉक्टर कोकलून सांगत होते चाला, तेव्हा चालले नाहीत. आता रोज पाच किलोमीटर होतात, त्यातले दोन जवळजवळ हवेत. शुगर उतरली, पोट उतरलं. पण तोंडाने विचारा, ‘घरी काय, कुत्र्याबरोबर मजा चाललीये ना?’ तर म्हणणार, ‘माझा विरोधच आहे.’ आणि खिशातून हळूच उकडलेल्या चिकनची डबी निघणार. तशाच त्या आजी. ‘माझ्या देवघरात कुत्रं?’ म्हणून तीन दिवस अन्न सोडलेल्या. भाचीच्या लग्नाला नागपूरला चला म्हटलं तर म्हणाल्या, ‘तुम्ही जाऊन या. त्याला माझ्या हातचीच भाकरी लागते.’ दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, याचा दाखलाही आता त्याच देतात.

बाजारवाले तर काय, आंधळं दळतंय आणि यांचं चांगलं चाललंय. ‘चॅम्पियन लाइन’, ‘हेवी बोन’, ‘केसीआय पेपर मिळतील, वेगळे पडतील’. एक डोळा निळा एक तपकिरी असेल तर भाव वर. बऱ्याचदा तुमचे बूट आणि गाडी बघूनच भाव सांगतात. आणि याच लोकांना सांगा की आपल्या लातूर-सोलापूरकडे सडपातळ, आखूड केसांचा, ऊन पचवणारा, वाऱ्यासारखा धावणारा कारवान आहे. त्याचा भाऊबंद मुधोळ तर घोरपड्यांच्या संस्थानातला, 2005 मध्ये टपाल तिकिटावर झळकलेला, 2020 मध्ये पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मधून गाजलेला. तर उत्तर काय येतं? ‘हो, छान असतात. पण रीलमध्ये तेवढे क्यूट नाही दिसत.’ संपलं. मोत्या तर गेटबाहेर बसून हे सगळं बघतोच आहे. त्याला कुणी कास्टिंगला बोलवत नाही.

आणि तुम्ही, हो तुम्हीच, हे वाचताना हसताय ना? जरा फोन दाखवा बघू. सेव्ह केलेली रीलं उघडा. आहे की नाही तो कुकरवर आलाप घेणारा? आहे की नाही ती शेंडीवाली, स्वेटरातली? ‘किती दिवसांचं पिल्लू, किंमत काय’ असा मेसेज करून डिलीट केलाय की नाही? उगाच कशाला.

तर ऐका. घरात रोज सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास पळणारा माणूस असेल, आणि तो पोरगा नसून बाबाच असणार हे आधीच मान्य असेल, तरच हस्कीचं नाव काढा. रोज कंगवा हातात धरायला कुणी तयार असेल तरच शिट्झू. दोन्ही नसेल तर शेजाऱ्यांचं कुत्रं शनिवारी मागून आणा, ते खुशीत देतील. आणि आणायचंच ठरलं तर दोन गोष्टी विचारा: ब्रीडर राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदलेला आहे का, आणि पिल्लू आठ आठवड्यांचं झालंय का? 2017 च्या नियमांप्रमाणे त्याहून लहान पिल्लू विकता येत नाही. उत्तर देताना तो चाचरला, तर गूगल पे उघडू नका.